आठ आण्यांचा कुत्रा

माझं घर चेंबूरला आणि ऑफिस फोर्टात. रोजची शेअर टॅक्सी ईस्टर्न फ्रीवेनं जाते आणि वाटेत आणिक-पांजरापोळ लिंक रोडची पाटी लागते. तीन वर्षं मी ती पाटी बघत होते. पांजरापोळ हे कुणाचं तरी आडनाव असावं असं मला वाटायचं, आपल्याकडे पोळ आडनावाची माणसं असतातच की. त्याचा अर्थ शोधायची वेळ टिप्यामुळे आली.

टिप्या आमच्या घराजवळच्या एका हॉस्पिटलच्या गेटवर राहायचा. काळा, मध्यम चणीचा, पायांवर तपकिरी, आणि दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक तपकिरी ठिपका. वॉचमन काकांनी त्यावरूनच नाव ठेवलं होतं. डाव्या कानाचा छोटा त्रिकोण कापलेला, म्हणजे नसबंदी झालेली. रात्री उशिरा मी घरी यायचे तेव्हा तो कोपऱ्यापासून सोसायटीपर्यंत मागे मागे यायचा आणि लिफ्टचं दार बंद झालं की परत जायचा. आमचं नातं एवढंच.

७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. शाळा, हॉस्पिटलं, बसस्टँड, रेल्वे स्टेशनं, क्रीडासंकुलं यांच्या आवारातली भटकी कुत्री उचला, नसबंदी करा, लस द्या, शेल्टरमध्ये ठेवा आणि पुन्हा त्याच जागी सोडू नका. पुढच्या आठवड्यात वॉचमन काकांनी मला थांबवलं. म्हणाले, "मॅडम, गाडी कधी पण येईल. याला कुठंतरी ठेवा ना."

कुठंतरी म्हणजे कुठं? मी दर रविवारी एका छोट्या शेल्टरवर जाते. पिंजरे धुणं, औषधं देणं आणि मुख्य म्हणजे त्यांची एक्सेल शीट सांभाळणं ही माझी कामं, कारण इंजिनिअर माणूस सापडला की लोक त्याला एक्सेल देतात. शेल्टरची जागा चाळीस कुत्र्यांची आणि त्या दिवशी शीटमध्ये त्रेसष्ट ओळी होत्या. जागा नाही हे कुणी सांगायची गरजच नव्हती.

त्या रात्री मी "मुंबई कुत्री शेल्टर इतिहास" असं काहीतरी सर्च केलं आणि १८३२ सालात जाऊन पोचले.

---

१८३२ ची मुंबई म्हणजे मुख्यतः फोर्ट आणि त्याच्याबाहेरचं नेटिव्ह टाउन. कंपनी सरकारचं राज्य. पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती तेव्हाही होती आणि ती खोटी नव्हती. रेबीजवर कसलाही उपाय नव्हता, लुई पाश्चर नऊ वर्षांचा होता. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात अशी समजूत असल्यामुळे १८१३ पासून एक नियम चालत आला होता: वर्षातून दोनदा, १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, रस्त्यावरची भटकी कुत्री मारायची. १८३२ साली पोलीस मॅजिस्ट्रेटांनी उन्हाळ्यातली मुदत वाढवून १५ जून केली. आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आण्यांचं इनाम होतं.

आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. त्या काळी शिपायाचं लक्ष वेधून घ्यायला पुरेशी रक्कम. आमच्या क्षेत्रात एक जुनी खोड सगळ्यांना माहीत असते. टेस्टरला सापडलेल्या प्रत्येक बगमागे पैसे दिले की बग अचानक फार सापडायला लागतात. इथेही तसंच झालं. भटकी कुत्री पळून जातात आणि पाळलेली अंगणात बसून असतात, त्यामुळे कॉन्स्टेबलांनी घरांच्या दारातली, काही वेळा आतली, धनी असलेली कुत्रीही मारायला सुरुवात केली.

६ जूनला पारशांचा एक पवित्र दिवस होता. त्याच दिवशी फोर्टात कुत्री मारणाऱ्या दोन युरोपीय कॉन्स्टेबलांना सुमारे दोनशे लोकांच्या जमावानं घेरलं आणि चोपलं. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि इस्माइली व्यापारीही उतरले. कुलाब्याच्या सैन्याला जाणारं अन्नपाणी अडवलं गेलं. खाटीक, पाववाले, पाणीवाले, कुणीच हललं नाही. न्यायाधीश सर जॉन ऑड्री यांच्या गाडीलाही जमावाचा प्रसाद मिळाला. शेवटी दंग्याचा कायदा वाचून दाखवला गेला, फौज आली, धरपकड झाली आणि मुंबई शांत झाली.

इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग 'डॉग रायट्स' म्हणून येतो, तोही बहुतेक वेळा गंमत म्हणून. जेसी पालसेटिया या इतिहासकारानं यावर एक पूर्ण निबंध लिहिलाय आणि तो वाचल्यावर गंमत उरत नाही. पारशी ही कंपनी सरकारची लाडकी जमात. जहाजं बांधणारी, दलाली करणारी, इंग्रजांच्या मांडीला मांडी लावून बसणारी. ती रस्त्यावर उतरून पोलिसांना मारेल असं सरकारला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि उतरली कशासाठी, तर कुत्र्यांसाठी.

हे कोडं मला आमच्या शेल्टरवरच्या आंटींनी सोडवून दिलं. आंटी सत्तरीच्या पुढच्या, दादरहून येतात, पारशी. टिप्याचा फोटो दाखवला तर चष्मा वर करून म्हणाल्या, "अरे, ए तो चार आंखवाला छे!"

डोळ्यांवर ठिपके असलेल्या कुत्र्याला झोरोस्ट्रियन परंपरेत 'चार डोळ्यांचा' म्हणतात. माणूस गेल्यावर 'सगदीद' नावाचा विधी होतो. सग म्हणजे कुत्रा, दीद म्हणजे बघणं. कुत्र्याला मृतदेहापाशी आणतात आणि त्याची नजर देहावर पडली की अशुभ शक्ती पळते अशी श्रद्धा आहे. मेल्यानंतर आत्म्याला जो चिन्वत पूल ओलांडायचा असतो त्यावरही कुत्र्यांचाच पहारा. वेंदिदाद या धर्मग्रंथाचा एक अख्खा अध्याय कुत्र्यांवर आहे, त्यात त्यांना वाईट अन्न देणाऱ्याला शिक्षाही सांगितल्या आहेत. आपल्याकडेही फार लांब जायला नको. ऋग्वेदात यमाची दोन कुत्री आहेत आणि तीही चार डोळ्यांची. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाबरोबर कुत्रा, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव. एवढं सगळं असूनही 'कुत्र्याच्या मौतीनं मरणं' ही म्हण आपलीच, हे मी आंटींना सांगितलं नाही.

---

आता मुद्दा असा की दंगल मोडली, पण प्रश्न तसाच राहिला. कुत्री मारायची नाहीत, तर ठेवायची कुठं? थोडक्यात वॉचमन काकांचा प्रश्न.

पारशी आणि हिंदू-जैन शेठ लोकांनी इथं दोन्ही बाजू सांभाळल्या. दंगलखोरांपासून अंतर राखलं आणि सरकारकडे अर्ज केला की कुत्री मारू नका, आम्ही त्यांची सोय करतो. या सगळ्यातून १८३४ साली भुलेश्वरजवळ मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. पुढाकार जमशेटजी जीजीभॉय यांचा, ज्यांच्या नावाचं हॉस्पिटल आणि कला महाविद्यालय आपण जेजे म्हणून ओळखतो, आणि जैन व्यापारी मोतीशा शेठ यांचा. पांजरा म्हणजे पिंजरा आणि पोळ म्हणजे वस्तीचं बंदिस्त आवार. चेंबूरच्या त्या चौकाला पुढे हेच नाव पडलं आणि तिथून ते हायवेच्या पाटीवर गेलं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. जमशेटजी आणि मोतीशा या दोघांचीही संपत्ती मोठ्या प्रमाणावर चीनच्या व्यापारातून आली होती आणि त्या व्यापारात अफू होती. कँटनमध्ये माणसं झुरत होती आणि त्या पैशातून भुलेश्वरची कुत्री जगत होती. मी हे वाचून दोन दिवस अस्वस्थ होते. मग आठवलं की आमच्या शेल्टरला सगळ्यात मोठी देणगी एका ऑनलाइन सट्ट्याच्या ॲपवाल्यानं दिली होती आणि ती मीच शीटमध्ये भरली होती.

पांजरापोळ ही कल्पना गुजरातेतून आलेली आणि जुनी. व्यापाऱ्यांचं महाजन मालावर ठरावीक लागा घ्यायचं, कापसाच्या गाठीमागे इतकं, साखरेमागे इतकं, आणि त्यावर संस्था चालायची. आजच्या भाषेत सबस्क्रिप्शन मॉडेल. आत आलेल्या जनावराला कुणी मारायचं नाही, ते आपल्या मरणानं मरेपर्यंत सांभाळायचं. म्हातारी, लंगडी, आंधळी, सगळी. एकोणिसाव्या शतकातले युरोपीय प्रवासी हे बघायला मुद्दाम जायचे आणि नाक मुरडायचे. जखमी जनावरं, दाटी, भुंकण्याचा कल्लोळ. याला दया म्हणायचं का, असं लिहायचे. त्यांच्यात गोऱ्यांचा तोरा होता हे खरं. पण त्रेसष्ट कुत्र्यांचा वास मला माहीत आहे, त्यामुळे ते सगळं खोटं होतं असं मी म्हणू शकत नाही.

मागच्या महिन्यात एका शनिवारी मी भुलेश्वरला गेले. सी. पी. टँकच्या गर्दीतून, बांगड्यांच्या आणि पितळी भांड्यांच्या दुकानांमधून आत वळलं की अचानक गायी दिसतात. मुंबईतल्या सगळ्यात महाग जमिनींपैकी एकीवर शेकडो गायी रवंथ करत उभ्या. लोक येतात, गवताची पेंढी विकत घेतात, गायीला घालतात, नमस्कार करतात. मी पूर्ण चक्कर मारली. कुत्रा एकही दिसला नाही.

ज्याच्यासाठी दंगल झाली तोच बाहेर. असं का झालं असेल याचा माझा अंदाज साधा आहे: गायीच्या नावानं देणगी येते.

---

कुत्र्याला मरेपर्यंत सांभाळण्याऐवजी त्याला नवीन घर शोधून द्यायचं, ही कल्पना वेगळ्या ठिकाणी जन्मली. १८६० मध्ये लंडनच्या हॉलोवे भागात मेरी टील्बी नावाच्या बाईंनी हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी एक 'तात्पुरतं घर' सुरू केलं. नाव खरोखरच तसं होतं आणि त्यातला महत्त्वाचा शब्द 'तात्पुरतं'. द टाइम्सनं त्यांची टर उडवली, लंडनमध्ये माणसं उपाशी असताना कुत्र्यांची काय पडलीय या धर्तीवर. हे वाक्य मलाही महिन्यातून एकदा ऐकावं लागतं, त्यामुळे मेरीबाई मला लगेच जवळच्या वाटल्या. दोन वर्षांनी चार्ल्स डिकन्स चालवत असलेल्या साप्ताहिकात मात्र या जागेबद्दल आपुलकीनं लिहून आलं. १८७१ मध्ये संस्था बॅटरसीला हलली आणि आजही तिथं आहे.

पण तात्पुरतं म्हणजे किती दिवस? धनी आला नाही, दुसरं कुणी नेलं नाही, तर? बॅटरसीत अशा कुत्र्यांना मारलं जायचं आणि १८८४ मध्ये त्यासाठी डॉ. बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी वायूची एक खास खोली तयार केली, वेदना कमी व्हाव्यात म्हणून. म्हणजे भुलेश्वरात कुत्रा मरत नव्हता पण सुटतही नव्हता आणि लंडनमध्ये सुटका होती पण घड्याळ लावून. आमच्या शीटमध्ये 'दाखल तारीख' असा रकाना आहे. त्याच्यापुढे 'अंतिम तारीख' असा रकाना नाही याचं मला त्या रात्री पहिल्यांदाच बरं वाटलं. आणि शीट वाढतच का जाते, तेही कळलं.

मुंबईत या काळात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं हॉस्पिटल उभं राहिलं. १८८३ ची स्थापना, देणगी दिनशा माणेकजी पेटिट यांची, नाव त्यांच्या पत्नीचं. शेजारी १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय आलं. परळचं बैलघोडा हॉस्पिटल म्हणून जुने मुंबईकर ओळखतात ते हेच. टिप्याच्या कानाचा त्रिकोण तिथलाच आहे का मला माहीत नाही, पण आमच्या शीटमधली अर्धी कुत्री कधी ना कधी तिथं जाऊन आलेली आहेत.

---

पुढची शंभर वर्षं कुत्र्यांच्या बाजूनं सांगण्यासारखं फार काही नाही. शहरं वाढली, कचरा वाढला, कुत्री वाढली आणि नगरपालिका मारत राहिल्या.

या काळातलं एक भांडण मात्र मला सोडवत नाही. १९२६ साली अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या गिरणीच्या आवारातली साठ भटकी कुत्री मारून टाकायला लावली, त्यांपैकी काही पिसाळलेली असल्याच्या भीतीनं. गावात गहजब झाला. जीवदयावाल्यांनी गांधीजींना पत्र लिहिलं, अर्थात साराभाईंचा निषेध मिळेल या खात्रीनं. गांधीजींनी उलट त्यांची बाजू घेतली. 'यंग इंडिया'त त्यांनी यावर लेखांची मालिकाच लिहिली आणि संतापलेल्या पत्रांचा ढीग अंगावर घेतला. त्यांचं म्हणणं असं की पिसाळलेला कुत्रा मारणं हे कमीत कमी पाप आहे, आणि खरी लाज वेगळीच आहे. रस्त्यावर बिनधन्याचा कुत्रा फिरतो हीच समाजाच्या आळसाची खूण. येता-जाता भाकरीचा तुकडा टाकणं ही दया नव्हे. दया असेल तर कुत्रा घरी पाळा, नाहीतर पांजरापोळाला पैसे द्या आणि तिथली व्यवस्था शास्त्रशुद्ध करा.

हे वाचलं तेव्हा मला राग आला. मीही तुकडा टाकणाऱ्यांतलीच. टिप्याला रात्री दोन ग्लुकोज बिस्किटं घालायचे आणि लिफ्टचं दार बंद व्हायचं. (ग्लुकोज बिस्किटं कुत्र्यांना चांगली नसतात हेही मला शेल्टरवर गेल्यावर कळलं.)

आणि मारण्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांकडे रेबीज होता, हे विसरून चालत नाही. पाश्चरची लस १८८५ मध्ये आली. भारतात १९०० साली कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथं डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस बनवायची पद्धत काढली आणि ती आपल्याकडे एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. पोटात चौदा इंजेक्शनं ती हीच. माझ्या बाबांनी ती घेतली आहेत. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात, १९७८ च्या सुमारास, ते नऊ वर्षांचे असताना. त्यांच्याबरोबर त्याच कुत्र्यानं चावलेला गल्लीतला एक मुलगा होता. त्याच्या घरच्यांनी मिरची-चुना लावला आणि मांत्रिकाकडे नेलं. तो मुलगा वाचला नाही. बाबा याबद्दल एकदाच बोललेत आणि तेही मी शेल्टरवर जायला लागले तेव्हा.

भारतात आजही रेबीजनं माणसं मरतात. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज वर्षाला १८ ते २० हजारांचा, आयसीएमआरच्या अलीकडच्या पाहणीचा सुमारे ५,७०० चा. कमी झाले म्हणून आनंद मानावा असा हा आकडा नाही.

---

मारून कुत्री कमी होत नाहीत हे आधी कुणाच्या लक्षात आलं असेल, तर मद्रासमधल्या ब्लू क्रॉसच्या. वैमानिक असलेल्या कॅप्टन व्ही. सुंदरम यांनी ही संस्था सुरू केली. त्यांचे चिरंजीव चिनी कृष्णा इंजिनिअर, आणि त्यांनी प्रश्नही इंजिनिअरसारखाच बघितला. मद्रास महापालिका १८६० पासून कुत्री मारत होती. १९९६ पर्यंत हे प्रमाण दिवसाला १३५ वर गेलं होतं. इतकी कातडी निघायची की तिथल्या चर्म संशोधन संस्थेनं त्यापासून नेकटाय आणि पाकिटं बनवून बघितली, असं कृष्णांनी लिहून ठेवलंय. सव्वाशे वर्षं एकच पॅच लावताय आणि एरर वाढतेच आहे, तर पॅच चुकीचा आहे, हे त्यांचं साधं म्हणणं.

कारणही साधं. कुत्री कचऱ्यावर जगतात. एका गल्लीत जेवढा कचरा तेवढी कुत्री. चार मारली की खाणं उरतं, शेजारच्या गल्लीतली येतात, राहिलेल्यांची जास्त पिल्लं जगतात. त्यापेक्षा त्याच कुत्र्याची नसबंदी करा, लस द्या, कानावर खूण करा आणि त्याच जागी सोडा. तो आपली गल्ली राखतो, पिल्लं होत नाहीत आणि तो चावला तरी रेबीज देत नाही. जवळपास ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. या योजनेला त्यांनी एबीसी म्हटलं, म्हणजे अ आ इ इतकं सोपं. १९९६ मध्ये चेन्नई महापालिकेनं मारणं थांबवून हे सुरू केलं. मुंबईत त्याच दशकात मारणं थांबलं आणि २००१ मध्ये केंद्र सरकारनं देशभरासाठी नियमच केले.

सोपं म्हटलं तरी झालं नाही. नियम आले, पण ऑपरेशन थिएटर, डॉक्टर, गाड्या, पैसे आले नाहीत. गोव्यातल्या एका संस्थेच्या खटल्यात २००८ च्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं बहुमतानं उपद्रवी कुत्री मारायची वाट मोकळी केली. महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. मुंबईत २०१४ च्या गणनेत सुमारे ९५ हजार भटकी कुत्री होती, दहा वर्षांनंतरच्या पाहणीत सुमारे ९० हजार. दहा वर्षांत माणसं आणि कचरा किती वाढला ते बघितलं तर हे यशच आहे. ते गेटवर उभ्या असलेल्या, मुलाला शाळेत सोडायला निघालेल्या आईला यश वाटणार नाही, हेही मला कळतं.

मग २०२५. दिल्लीतल्या रेबीजच्या बातमीवरून न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या पीठानं दिल्ली परिसरातली सगळी कुत्री कायमची शेल्टरमध्ये टाकायला सांगितलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ते बदललं: नसबंदी आणि लस करून पुन्हा सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक तेवढी ठेवा. आणि ७ नोव्हेंबरचा आदेश मी वर सांगितलाच.

मला न्यायालयाशी वाद घालायचा नाही, हॉस्पिटलच्या आवारात कुत्री नकोत हे मलाही पटतं. तिथं आजारी माणसं असतात, जखमा उघड्या असतात. माझा प्रश्न जागेचा आहे. १९१० साली इस्तंबूलच्या सरकारनं शहरातली हजारो कुत्री उचलून समुद्रातल्या एका ओसाड बेटावर नेऊन सोडली. मारायची नव्हती, फक्त नजरेआड करायची होती. तिथं ना पाणी ना अन्न. त्यांचं विव्हळणं वारा शहराकडे असला की किनाऱ्यावर ऐकू यायचं म्हणतात. बिनखर्चाचं शेल्टर कसं असतं ते त्यात दिसतं.

---

टिप्याला मी १६ नोव्हेंबरला घरी आणलं. वन बीएचके, तिसरा मजला, भाड्याचा. आंटी म्हणाल्या, "दोन आठवडे फोस्टर कर, तोवर घर मिळून जाईल." शीटमध्ये मीच नोंद केली: स्थिती, तात्पुरतं घर.

त्याचे चांगले फोटो काढले, रील केलं, गळ्यात लाल रुमाल बांधला. सतरा हजार लोकांनी बघितलं आणि अकरा मेसेज आले. त्यातल्या सहा जणांना पिल्लू हवं होतं, दोघांना लॅब आहे का विचारायचं होतं, एकानं फार्महाउसवर राखणीला बांधून ठेवीन म्हणून सांगितलं. एका जोडप्याला तो आवडला होता, पण त्यांच्या आईला काळा कुत्रा चालत नव्हता. शेवटचा मेसेज नुसता हार्टचा.

याच दोन आठवड्यांत शेल्टरच्या गेटला कुणीतरी एक हस्की बांधून गेलं. निळे डोळे, महागाचा पट्टा, अंगावर खरूज. त्याच्यासाठी पहिल्या दिवशी चाळीस मेसेज आले. मुंबईच्या उकाड्यात तो फरशीवर आडवा पडून धापा टाकत असतो. त्यालाही कुणीतरी असाच चाळिसातून निवडून नेला असणार.

दोन आठवड्यांचे पाच झालेत. घरमालकांनी दोनदा फोन केलाय. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिफ्टच्या नोटिशीचा फोटो टाकला, कुणाचं नाव न घेता. टिप्याला लिफ्ट अजूनही कळत नाही. दार बंद झालं की तो खाली बसून बाहेरच्या बाजूला बघत राहतो, आणि ते उघडलं की आपण दुसरीकडेच आहोत याचं त्याला दर वेळी आश्चर्य वाटतं.

मागच्या शनिवारी बाबा आले. मी फोनवर सांगितलं होतं, तरी दारातच थबकले. टिप्या हॉलमध्ये पंख्याखाली झोपला होता, त्यानं एक डोळा उघडला आणि परत मिटला. बाबा भिंतीकडेनं सरकत सोफ्यावर जाऊन बसले आणि पाय वर घेतले.

"अगं, लस दिलीये ना याला?"

"दिलीये बाबा."

"कार्ड असेल ना? बघू दे."

मी कार्ड दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक नोंद बोट ठेवून वाचली. लसीचं नाव, बॅच नंबर, तारीख, डॉक्टरांची सही. मग पुढच्या डोसची तारीख वाचली, ती आहे पुढच्या नोव्हेंबरची. खिशातून मोबाइल काढून ती त्यांनी कॅलेंडरमध्ये टाकली. पाय मात्र अजून सोफ्यावरच होते.